दिव्यांगत्व आणि आयकर : कोणते पैसे करपात्र, कोणती वजावट कोणाची

दिव्यांगत्व आणि आयकर हा विषय निघाला की दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. एक, दिव्यांगत्वामुळे जे पैसे हातात येतात (पेन्शन, अपघाताची भरपाई, विम्याची रक्कम, भत्ता) त्यांवर कर लागतो का? दोन, आपण किंवा घरातलं कोणी दिव्यांग आहे म्हणून बाकीच्या उत्पन्नावरचा कर कमी होतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते पैसे मुळात ‘उत्पन्न’ आहेत की नाहीत यावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर वजावटीच्या कलमांत आहे. ‘पेन्शन करमुक्त आहे, मग वजावट मिळणार नाही’ किंवा ‘वजावट घेतली, आता पेन्शन दाखवायची गरज नाही’ अशी गल्लत इथूनच सुरू होते. दोन्ही विधानं चूक आहेत.

इथले सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यानुसार आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी ‘८०यू’ (स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याची वजावट) किंवा ‘८०डीडी’ (दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्याची वजावट) हे जुने क्रमांक नव्या कायद्यात शोधत बसू नका.

आधी करप्रणाली ठरवा

कलम ८०यू, ८०डीडी आणि ८०डीडीबी (ठराविक गंभीर आजारांच्या उपचारखर्चाची वजावट) या तिन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. नव्या प्रणालीत यांपैकी एकही नाही. आणि आता आपोआप लागू होते ती नवी प्रणाली. तुम्ही काही कळवलं नाही, तर ऑफिस नव्या प्रणालीने टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापतं.

नोकरदाराला किंवा पेन्शनधारकाला (धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर) रिटर्न भरताना दर वर्षी प्रणाली निवडता येते. ऑफिसने नव्या प्रणालीने कर कापला असला तरी रिटर्नमध्ये जुनी निवडून फरकाचा परतावा मागता येतो. मात्र रिटर्न मुदतीत भरायला हवं. मुदत टळल्यावर भरलेल्या विलंबित रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडताच येत नाही, आणि तिच्याबरोबर ८०यू, ८०डीडी दोन्ही जातात. प्रमाणपत्र पक्कं, सगळी कागदपत्रं हाताशी, आणि वजावट गेली केवळ तारखेपायी. विलंबशुल्कापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं असतं. धंद्याचं उत्पन्न असेल, तर जुन्या प्रणालीसाठी फॉर्म १०-आयईए याच मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतलं की पुन्हा जुनीत जाण्याची मुभा राहत नाही.

आता जरा न रुचणारी गोष्ट. बऱ्याच पगारदार दिव्यांग व्यक्तींना ८०यू सोडून नव्या प्रणालीत राहणंच फायद्याचं पडतं. समजा, वार्षिक पगार १३,००,००० रुपये आहे आणि पायांचं ८५ टक्के दिव्यांगत्व आहे. पगारात ३८,४०० रुपयांचा वाहतूक भत्ता स्वतंत्र दाखवलेला आहे (हा भत्ता नव्या प्रणालीतही करमुक्त आहे, त्याबद्दल पुढे). नव्या प्रणालीत ३८,४०० चा भत्ता आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात ११,८६,६००. हे बारा लाखांच्या आत आहे, त्यामुळे कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य. जुन्या प्रणालीत तोच भत्ता, ५०,००० ची प्रमाणित वजावट, ८०सी चे (पीएफ, विम्याचा हप्ता अशा बचतीचे) १,५०,००० आणि ८०यू चे १,२५,००० एवढं सगळं वजा केलं तरी ९,३६,६०० करपात्र राहतात आणि उपकर धरून कर येतो सुमारे १,०३,८०० रुपये.

जुनी प्रणाली मग परवडते कोणाला? वार्षिक वीस लाख पगार आणि हाच वाहतूक भत्ता धरला, तर प्रमाणित वजावट सोडून उरलेल्या सगळ्या वजावटी मिळून सुमारे ६,९५,००० रुपयांच्या पुढे गेल्या, तरच जुन्या प्रणालीतला कर नव्यापेक्षा कमी होतो. ८०यू चे १,२५,००० त्यातच धरायचे. घरभाडे भत्ता मोठा आहे किंवा गृहकर्जाचं व्याज चालू आहे, आणि त्यात घरात स्वतःच्या दिव्यांगत्वाबरोबर आईवडिलांचं आजारपण आहे, अशाच कुटुंबात हा आकडा गाठला जातो. म्हणून आधी दोन्ही प्रणालींत आकडेमोड करून पाहा. प्रमाणपत्राच्या धावपळीला त्यानंतर लागा.

कलम ८०यू : करदाता स्वतः दिव्यांग

रक्कम ठरलेली आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त पण ८० च्या खाली असेल तर ७५,००० रुपये, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. औषधांवर किती खर्च झाला, झाला की नाही, याचा काही संबंध नाही. बिलं लागत नाहीत. ४५ टक्के असो की ७५, वजावट तेवढीच. ३९ टक्क्यांना काहीच नाही.

खिशात प्रत्यक्ष किती राहतात ते तुमचं उत्पन्न कराच्या कोणत्या टप्प्यात पोचतं यावर अवलंबून आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून १,२५,००० च्या वजावटीने ३९,००० रुपये वाचतात, वीस टक्क्यांच्या टप्प्यात २६,०००. ७५,००० च्या वजावटीने अनुक्रमे २३,४०० आणि १५,६००. ‘सव्वा लाखाची सूट’ म्हणजे सव्वा लाखाचा कर माफ, असा समज अनेकांचा असतो. तसं नाही.

करदाता भारतात निवासी असला पाहिजे. परदेशी स्थायिक आणि करदृष्ट्या अनिवासी असलेल्या दिव्यांग व्यक्तीला ही वजावट नाही. उत्पन्न कशाचं आहे याला फारसं बंधन नाही, पगार, पेन्शन, भाडं, व्याज सगळं चालतं. अपवाद शेअर, म्युच्युअल फंड, जमीन यांसारख्या मालमत्तेच्या विक्रीवरच्या नफ्याचा. ज्या भांडवली नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्यातून ८०यू वजा होत नाही. नव्या प्रणालीतली बारा लाखांची सवलतही त्या कराला लागू पडत नाही.

प्रमाणपत्र : सगळ्यात जास्त अडतं ते इथे

खासगी डॉक्टरचं पत्र, एमआरआयचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड यांपैकी कशावरही ८०यू किंवा ८०डीडी मिळत नाही. विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचं, टक्केवारी लिहिलेलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र हवं. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी हे असे प्राधिकारी. ‘स्वावलंबन’ पोर्टलवरून अर्ज करून मिळणाऱ्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) टक्केवारी असतेच, शिवाय कार्डाच्या रंगावरूनही कळतं. पांढरं ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि पुढे. करापुरतं बोलायचं तर पांढऱ्या कार्डाला वजावट नाही, पिवळ्याला ७५,०००, निळ्याला १,२५,०००.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व या तीन बाबतींत प्रमाणपत्र फॉर्म १०-आयए मध्ये लागतं. ते न्यूरॉलॉजीतले एमडी, मुलांच्या बाबतीत त्याच तोडीची पदवी असलेले बाल-न्यूरॉलॉजिस्ट, किंवा वर सांगितलेले सरकारी अधिकारी देऊ शकतात. हा फॉर्म आयकराच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. लॉगिन करून ‘ई-फाइल’मधल्या आयकर फॉर्मच्या यादीतून १०-आयए उघडायचा, तपशील भरायचा, प्रमाणपत्र जोडायचं आणि ई-व्हेरिफाय करायचं. मिळालेला पावती क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, रिटर्नमधल्या ८०यू आणि ८०डीडीच्या परिशिष्टांत ते विचारले जातात. यूडीआयडी क्रमांकाची जागाही तिथेच आहे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी फॉर्म, मग रिटर्न. रिटर्न पाठवून झाल्यावर फॉर्म भरला, तर क्रमांकाची चौकट रिकामीच गेलेली असते.

काही प्रमाणपत्रं कायमची असतात, काही मुदतीची. मुदतीच्या प्रमाणपत्राचा नियम समजून घेण्यासारखा आहे. प्रमाणपत्र ज्या आर्थिक वर्षात संपतं, त्या पूर्ण वर्षाची वजावट मिळते, त्यापुढच्या वर्षाची नवं प्रमाणपत्र काढल्याशिवाय मिळत नाही. १० ऑगस्ट २०२५ ला मुदत संपली असेल, तर २०२५-२६ ची वजावट पूर्ण मिळेल. २०२६-२७ साठी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागेल. वैद्यकीय बोर्डाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून मुदत संपायची वाट पाहू नये.

आणखी एक खाचखळगा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आयकराची कलमं मात्र १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्यातल्या यादीकडे आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुदिव्यांगत्व यांकडे बोट दाखवतात. १९९५ च्या यादीत अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालींचं दिव्यांगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार एवढेच प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा अध्ययन अक्षमता यांसाठी २०१६ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र असेल, तर ८०यू मध्ये ते आपोआप बसतं असं धरून चालू नका. सीएला नेमका प्रकार सांगूनच दावा करा.

कलम ८०डीडी : सांभाळणाऱ्याची वजावट

रकमा तशाच, ७५,००० आणि १,२५,०००. पण इथे वजावट घेते ती दिव्यांग व्यक्तीला सांभाळणारी व्यक्ती, किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. अवलंबून कोण, तर पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊ, बहिणी. सासू-सासरे या यादीत नाहीत, भाचे-पुतणे नाहीत, आजी-आजोबाही नाहीत. सून सासूची कितीही सेवा करत असली तरी सुनेच्या रिटर्नमध्ये ही वजावट येत नाही. मुलाच्या येऊ शकते, कारण ती त्याची आई आहे.

यासाठी दोन अटी. ती व्यक्ती पूर्णपणे किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असली पाहिजे, आणि तिने स्वतः त्या वर्षी ८०यू घेतलेली नसली पाहिजे. त्यामुळे एकाच दिव्यांगत्वावर मुलाने ८०यू आणि वडिलांनी ८०डीडी असं होत नाही. वडील स्वतः दिव्यांग असतील, तर स्वतःसाठी ८०यू आणि मुलासाठी ८०डीडी दोन्ही चालतात. आई-वडील दोघंही कमावते असतील, तर मूल मुख्यतः कोणावर अवलंबून आहे ते ठरवून एकाच्याच रिटर्नमध्ये वजावट घेणं शहाणपणाचं.

उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण, पुनर्वसन यांवर काहीतरी खर्च झालेला हवा, किंवा एलआयसी वा अन्य मान्य विमा कंपनीच्या त्या व्यक्तीसाठी असलेल्या योजनेत पैसे भरलेले हवेत. पण खर्च दहा हजार झाला तरी वजावट पूर्ण मिळते, आणि पाच लाख झाला तरी तेवढीच. फिजिओथेरपीच्या दोन-चार पावत्या, विशेष शाळेची फी, श्रवणयंत्राचं बिल असं काही तरी जपून ठेवा. रिटर्नसोबत जोडावं लागत नाही, नोटीस आली तर दाखवावं लागतं.

विमा योजनेच्या मार्गाने गेलात तर पुढचा नियम आत्ताच माहीत असू द्या. तुमच्या हयातीत दिव्यांग व्यक्तीचं आधी निधन झालं, तर भरलेल्या रकमेइतकी रक्कम त्या वर्षी तुमचं उत्पन्न मानली जाते आणि तिच्यावर कर लागतो. विमा रकमेची नेहमीची करमुक्तीही या पैशांना नाही. आधी नियम होता की या योजनेचा लाभ पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाला मिळेल. ते वर्षानुवर्षं पालकांना खुपत होतं. २०२२ च्या वित्त कायद्याने तो शिथिल झाला. आता पैसे भरणारा ६० वर्षांचा झाला आणि त्याने भरणा थांबवला, तर त्याच्या हयातीतच मुलाला वार्षिकी किंवा एकरकमी लाभ सुरू होऊ शकतो.

८०डीडीबी हे या दोघांच्या शेजारचं, पण वेगळं कलम. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणणारे पार्किन्सन्स, डिमेन्शिया यांसारखे मज्जासंस्थेचे आजार त्यात येतात. इथे मात्र प्रत्यक्ष खर्चच मोजला जातो. कमाल ४०,०००, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १,००,०००, आणि विम्याने किंवा कंपनीने परत दिलेली रक्कम त्यातून वजा करायची. त्या विषयाच्या तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन पुरतं, ते खासगी डॉक्टरचंही चालतं. ८०यू किंवा ८०डीडी घेतली तरी ही वजावट वेगळी मिळते.

हातात आलेले पैसे

सैन्यदलातली दिव्यांगत्व पेन्शन, म्हणजे सेवा घटक आणि दिव्यांगत्व घटक दोन्ही, दीर्घकाळ करमुक्त मानली गेली आहे. २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने (क्रमांक १३/२०१९) केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ही करमुक्ती सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेने वाढलेल्या शारीरिक दिव्यांगत्वापायी ज्यांना सेवेतून बाहेर पडावं लागलं त्यांच्यापुरती आहे, नियत वयाने निवृत्त झालेल्यांना नाही, असं सांगितलं. त्यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. नियत वयाने निवृत्त होऊन दिव्यांगत्व घटक घेणाऱ्या माजी सैनिकाने म्हणून रिटर्नआधी सल्ला घ्यावा. करमुक्त असली तरी ही रक्कम रिटर्नच्या मुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवायची असते. नागरी सेवेतल्या कर्मचाऱ्याची, आजारपणामुळे लवकर निवृत्त झाल्यावरची पेन्शन मात्र पगारासारखी करपात्र आहे.

सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला आई-वडिलांच्या पश्चात मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम करपात्र आहे, ‘इतर स्रोतांतून’ या सदरात. तिच्या एक तृतीयांश किंवा ठराविक कमाल मर्यादा (जुन्या प्रणालीत १५,०००, नव्या प्रणालीत २५,०००) यांत जे कमी ते वजा होतं. पैसे पालकत्व घेतलेल्या भावाच्या हातून खर्च होत असले तरी उत्पन्न त्या मुलाचंच आहे. ते भावाच्या रिटर्नमध्ये दाखवणं चूक.

शासनाच्या निराधार किंवा दिव्यांग अनुदानाची रक्कम मुळातच किमान करमुक्त मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाचा केंद्राचा वाटा तर महिना ३०० रुपये आहे. त्यावर कराचा विचार करायची वेळ सहसा येत नाही.

वर उल्लेख झालेला वाहतूक भत्ता महिना ३,२०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे. तो अंध, मूकबधिर आणि पायांनी अपंग कर्मचाऱ्यांना मिळतो, आणि दोन्ही करप्रणालींत मिळतो. पण तो पगाराच्या स्लिपमध्ये भत्ता म्हणून स्वतंत्र असावा लागतो. पगारात विरघळलेला असेल तर काही कामाचा नाही. एचआरला एक पत्र देऊन पगाराची रचना बदलून घ्या. वरच्या उदाहरणात हा भत्ता नसता, तर १२,२५,००० करपात्र राहिले असते आणि सीमांत सवलत (बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून कर जास्त होऊ न देणारी) धरूनही उपकरासह २६,००० रुपये भरावे लागले असते.

अपघातात गेलेल्या हातापायांची एकरकमी भरपाई, मग ती कर्मचारी भरपाई कायद्याखालची असो, मोटार अपघात न्यायाधिकरणाची असो की अपघात विम्याची, सर्वसाधारणपणे उत्पन्न मानली जात नाही. ती गेलेल्या गोष्टीची भरपाई आहे, कमाई नाही. पण आजारपणाच्या रजेत कंपनी पगार चालू ठेवते तो पगारच, आणि पूर्ण करपात्र. गोंधळ होतो तो भरपाईवरच्या व्याजाचा. विमा कंपनी वर्षाला ५०,००० च्या पुढे व्याज देताना टीडीएस कापते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अपघाताच्या दाव्यापासून निवाड्यापर्यंतचं (अपील झालं असेल तर अपिलाच्या निकालापर्यंतचं) व्याज हे भरपाईचाच भाग आहे, उत्पन्न नाही, असा निर्णय दिला. निकालानंतर पैसे द्यायला उशीर झाला तर त्या काळाचं व्याज वेगळं मोजावं लागतं. कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रिटर्न भरावंच लागतं, त्याशिवाय तो येत नाही. आणि भरपाईची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली, की त्या ठेवीचं व्याज कुठल्याही इतर व्याजासारखं करपात्र.

आयुर्विम्याची एक छोटी सवलत विसरली जाते. दिव्यांग किंवा ८०डीडीबीतल्या आजाराच्या व्यक्तीच्या आयुष्यावर १ एप्रिल २०१३ नंतर घेतलेल्या पॉलिसीत, हप्ता विमा रकमेच्या दहाऐवजी पंधरा टक्क्यांपर्यंत असला तरी मिळणारी रक्कम करमुक्त राहू शकते. अशा व्यक्तीला हप्ता जास्त लावला जातो, म्हणून ही तरतूद.

दिव्यांग मूल आणि पालकाचं उत्पन्न

अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. ८०यू मधलं दिव्यांगत्व असलेल्या मुलाला हा नियम लागू नाही. त्याच्या नावावरच्या ठेवीचं व्याज, त्याला वारशाने मिळालेल्या घराचं भाडं हे त्याचं स्वतःचं उत्पन्न, आणि त्याला त्याची स्वतःची किमान करमुक्त मर्यादा मिळते. पालक त्याच्या वतीने रिटर्न भरतात. मुलाचं पॅनकार्ड काढून ठेवा. नाहीतर बँक जास्त दराने टीडीएस कापते. मात्र पालकाने मुलाच्या रिटर्नमध्ये ८०यू घेतली, तर त्याच मुलासाठी स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०डीडी घेता येणार नाही. मुलाचं उत्पन्न किरकोळ असेल, तर ८०डीडी पालकाकडे ठेवणंच फायद्याचं.

आयकराबाहेरची, पण पगारातूनच कापली जाणारी एक रक्कम राहिली. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला आणि दिव्यांग मुलाच्या पालकांना व्यवसाय कर माफ आहे. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांची ही कपात. यात करप्रणाली निवडण्याचा प्रश्न नाही, प्रमाणपत्राची प्रत ऑफिसात लेखी अर्जासोबत द्यायची. पगार विभाग ती स्वतःहून थांबवेल अशी वाट पाहू नका, आणि थांबली की नाही ते पुढच्या महिन्याच्या स्लिपमध्ये तपासा.